लाल बुटांची उलटी बाजू

चि. मुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा लेखाचा मसुदा दोन्ही मिळाले. मसुदा मी दोनदा वाचला. ‘द रेड शूज’ हा चित्रपट तू इतक्या वेळा पाहिलास, त्यातल्या झग्यांची रेखाटने वहीत काढलीस आणि बॅलेच्या नादी असलेल्या मैत्रिणींशी त्यावर रात्ररात्र वाद घातलास, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. मात्र कलेसाठी जी जीव ओवाळून टाकते तीच खरी नर्तकी, हे जे वाक्य तू शेवटी लिहिले आहेस, त्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. आज लिहायचे आहे ते त्या रेघेबद्दल. नाटकांचे कपडे शिवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे माझे बोलणे फिरून कापडावर आणि शिलाईवर येईल. ते तू चालवून घे.

मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांनी हा चित्रपट 1948 साली पडद्यावर आणला. त्याच्या मुळाशी हान्स ख्रिश्चन अँडरसनची 1845 सालची कथा आहे. त्या कथेतल्या मुलीच्या पायांतले लाल बूट थांबायचे नाव घेत नाहीत, अखेर तिला कुऱ्हाडीने आपले पाय तोडून घ्यावे लागतात आणि तोडलेल्या पायांसह बूट नाचत पुढे निघून जातात. अँडरसनचे वडील चांभारकाम करीत, ही गोष्ट मला या कथेच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते, कारण चामडे घासून, टाचून, ठोकून बूट तयार करणारा माणूस ज्या घरात बसलेला असतो त्या घरातल्या मुलाला बूट ही मेहनतीने घडणारी आणि वापराने संपणारी वस्तू आहे हे आपोआप कळते, आणि कधीच न झिजणारा बूट ही त्याच मुलाला सुचू शकणारी भीतीची कल्पना आहे.

आता खऱ्या पॉइंट शूजकडे, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचायच्या बॅलेच्या बुटांकडे ये. परदेशातून बॅले शिकून आलेल्या एका ओळखीच्या मुलीने आपला टाकाऊ जोड मला दिला होता, आणि मी तो शिवण उसवून पूर्ण उघडला. आत लाकूड असेल अशी माझीही समजूत होती. निघाले ते कापडाचे आणि कागदाचे थर, एकावर एक खळ लावून वाळवलेले; आपण साडीला करतो तीच खळ, फक्त दगडासारखी घट्ट. तळव्याखाली एक कडक पट्टी असते, तिला बुटाचा कणा म्हणता येईल. हा बूट उलटा शिवतात आणि मग सुलटा करतात, म्हणून बाहेरच्या साटिनवर टाके जवळजवळ दिसत नाहीत. नाड्या मात्र नर्तकी स्वतः शिवते, टोक झिजू नये म्हणून त्यावर रफू करते, कणा हाताने वाकवून आपल्या पायाच्या कमानीला जुळवून घेते आणि रंगमंचावर जाण्यापूर्वी घसरू नये म्हणून राळेच्या चुऱ्यात पाय घासते. एवढे सगळे करून हा बूट टिकतो किती? घामाने खळ मऊ पडते, टोक बसते, आणि मोठ्या भूमिकेत एखादा जोड एका रात्रीत निकामी होतो. दुसऱ्या दिवशी नर्तकी नवा जोड घेते आणि पुन्हा सुई हातात धरते.

तुझ्या लेखात नसलेली गोष्ट ती हीच. रंगमंचामागे बूट मरतात आणि नर्तकी जगते. या चित्रपटात मात्र बूट अमर आहेत आणि नर्तकी मरते. हा उलटफेर दिग्दर्शकांनी का केला, असा प्रश्न तू लेखात विचारायला हवा होतास.

शेवटचा प्रसंग आठव. चित्रपटाची नायिका, नर्तकी व्हिक्टोरिया पेज, मेकअपच्या खोलीत आहे. एका बाजूला तिने नाचलेच पाहिजे म्हणणारा कंपनीचा मालक लेरमॉन्टोव्ह, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या ऑपेराचा पहिला प्रयोग टाकून तिला परत न्यायला आलेला संगीतकार नवरा. दोघे तिला आपापल्या बाजूला ओढतात, आणि मग लाल बूट तिला पायऱ्यांवरून, कठड्यापर्यंत आणि कठड्याखाली नेतात. येथे बॅलेचे जाणकार आजही एक प्रश्न काढतात: त्या रात्री ती नाचणार असते त्या लाल बुटांच्याच बॅलेच्या आरंभी नायिकेच्या पायांत लाल बूट नसतात, ते तिला चांभाराकडून पुढे मिळतात, मग प्रयोग सुरू होण्यापूर्वीच ते व्हिक्टोरियाच्या पायांत कसे? कपडेपटात काम केलेली बाई म्हणून मी ठामपणे सांगते की अशी चूक कोणतीही कपडेवाली होऊ देणार नाही. पहिल्या प्रवेशाचे बूट घातल्याशिवाय ती नटीला खोलीबाहेर पाऊलही टाकू देत नाही. गोष्टीच्या सोयीसाठी ही चूक पत्करलेली आहे. माझ्या मते त्या सोयीचा एक परिणाम असा की सगळा दोष बुटांवर जातो. मालक सुटतो, नवराही सुटतो. रिकाम्या प्रकाशझोतात तिच्याविना बॅले सादर होतो तेव्हा आपण रडतो, पण कोणावर रागावत नाही.

व्हिक्टोरियाचे काम करणाऱ्या मोइरा शिअररचे आयुष्य तू जवळ ठेवूनच हा प्रसंग पाहा. ती स्कॉटलंडमधली, 1926 साली जन्मलेली, लंडनच्या सॅडलर्स वेल्स बॅले या कंपनीतली उगवती नर्तकी होती. चित्रपटात काम करायला तिने बराच काळ नकार दिला, कारण तिला रंगमंच सोडायचा नव्हता. चित्रपट आला त्याच 1948 सालच्या अखेरीस नृत्यरचनाकार फ्रेडरिक अ‍ॅश्टनच्या ‘सिंड्रेला’ बॅलेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा कंपनीची आघाडीची नर्तकी मार्गो फोंटेन जायबंदी होती म्हणून मुख्य भूमिका हिने केली. पुढे तिने लग्न केले, चार मुले वाढवली, काही वर्षांनी बॅले सोडून अभिनय आणि लेखन केले आणि 2006 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी तिचे निधन झाले. ज्या चित्रपटाने तिला जगभर ओळख दिली त्याच्याबद्दल ती फारशा कौतुकाने बोलत नसे. कलेसाठी मेलेली म्हणून तू जिला नमस्कार करतेस, तिला आपले शरीर उसने देणारी बाई तशी मेली नाही. तुझ्या लेखात तिला एक ओळही मिळालेली नाही.

चित्रपट खोटा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. नाचाच्या बाबतीत तो कितीतरी प्रामाणिक आहे, आणि त्याचे कारण म्हणजे त्यात नाचणारी माणसे खरी आहेत. मोइरा स्वतः नाचते, नृत्यरचना करणारा रॉबर्ट हेल्पमन समोर नाचतो, आणि चांभार झालेल्या लिओनिद मासिनने आपल्या वाट्याच्या हालचाली स्वतःच बांधल्या. लंडनच्या छोट्या मर्क्युरी थिएटरमधला प्रसंग पुन्हा लावून पाहा. व्हिक्टोरिया गिरक्या घेते आणि कॅमेरा तिच्या नजरेतून फिरतो: सगळे प्रेक्षागृह फरफटत जाते, एका जागी क्षणभर स्थिर होते, पुन्हा फरफटते. चक्कर येऊ नये म्हणून नर्तकी एका बिंदूवर नजर रोखते, शरीर फिरत असताना डोके शक्य तितके मागे ठेवते आणि मग झटक्यात फिरवून पुन्हा त्याच बिंदूवर आणते. कथक शिकताना चक्करांसाठी तूही हेच गिरवले आहेस. त्याच प्रसंगात तिच्या रंगवलेल्या चेहऱ्याचे जवळून दर्शन होते, आणि ते सुंदर दिसावे म्हणून घेतलेले नाही. उलट सुमारे सतरा मिनिटांच्या मुख्य बॅलेत ती लाल बुटांत उडी घेते तेव्हा नाड्या आपोआप बांधलेल्या दिसतात. ही संकलनाची करामत आहे आणि ती करामत म्हणूनच समोर येते, त्यामुळे तिला फसवणूक म्हणता येत नाही.

नट आणि नर्तक वेगळे असतात तेव्हा काय होते, यासाठी 2010 सालचा ‘ब्लॅक स्वान’ पाहा, पण फक्त कंबरेच्या रेषेवर लक्ष ठेवून. चेहरा दिसतो तेव्हा पाय बहुधा चौकटीबाहेर असतात. अवघड नाच सारा लेन या व्यावसायिक नर्तकीने केला होता, आणि नाच कोणाचा किती यावर नंतर जाहीर वाद झाला. आपल्याकडे 2020 साली ‘ये बॅले’ आला. मुंबईच्या दोन मुलांच्या खऱ्या वाटचालीवर तो बेतलेला आहे, आणि त्यांपैकी मनीष चौहानने पडद्यावरही स्वतःची भूमिका केली. पटकथेत ढिलाई आहे, तरी पायांपासून डोक्यापर्यंत अख्खा माणूस नाचताना दिसतो याचे मला फार समाधान वाटले.

आता तुझ्या लाडक्या झग्यांविषयी. मॉन्टे कार्लोजवळच्या टेकडीवर, गवत माजलेल्या लांब पायऱ्या चढत व्हिक्टोरिया जाते तेव्हा तिच्या अंगावर समुद्री हिरवट झगा आणि डोक्यावर छोटा मुकुट असतो. तिचे हे कपडे पॅरिसचा फॅशनकार झाक फात याचे. तू त्याची घेरदार रेषा छान टिपलीस, पण साल कोणते ते लिहिले नाहीस. पॅरिसचाच फॅशनकार क्रिस्तियान डिओर याने फेब्रुवारी 1947 मध्ये कित्येक वार कापड उधळणारे घेर आणले, आणि ब्रिटनमध्ये जून 1941 पासून सुरू असलेले कपड्यांचे रेशनिंग मार्च 1949 मध्ये उठले. म्हणजे हा झगा ज्या बायकांनी लंडनच्या अंधाऱ्या थिएटरात पाहिला त्यांच्या पर्समध्ये कपड्यांची कूपने मोजून ठेवलेली होती. पायऱ्यांवर लोळणारा तो घेर त्यांना कसा दिसला असेल, याचा विचार केल्याशिवाय जुन्या शैलीबद्दल लिहू नकोस. तू रोज घालतेस त्या सपाट बॅले चपलांची गोष्टही अशीच आहे: युद्धकाळात अमेरिकेत चामड्याची टंचाई असताना तिथली फॅशनकार क्लेअर मॅकार्डेल हिने कॅपेझिओ या नाचाचे बूट बनवणाऱ्या कंपनीकडून नाचाच्या मऊ बुटांना कडक तळ लावून घेतला, आणि तालमीचे पादत्राण रस्त्यावर आले. ती नजाकत टंचाईतून आलेली आहे.

असा झगा शिवून घ्यायचा असेल तर जरूर शिव, मी कापड उरेब, म्हणजे तिरके, कापून देईन. मात्र शिंप्याला नुसता फोटो दाखवू नकोस. असे झगे आतल्या अस्तराच्या चोळीवर उभे असतात, आणि ती चोळी फोटोत दिसत नाही.

या पत्रासोबत माझी उसवायची छोटी कात्री पाठवते. तुझ्या शहरात बॅलेचा वर्ग आहे असे तूच लिहिले होतेस. तेथे विनंती करून एक संपलेला जोड मागून आण, उघड, थर मोज, खळीचा वास घे आणि टोकावरचे रफू कोणत्या हाताने केले असेल ते पाहा. मग लेखाचा शेवट पुन्हा लिहून मला पाठव. कात्री परत करायची घाई नाही, फक्त कागद कापायला वापरू नकोस.

तुझी,
मावशी