190 किलोमीटर रेंज दिसते म्हणजे बॅटरी 40 टक्के गेली का?

तुम्ही विचारले आहे की, 2020 सालची 30.2 किलोवॉट-तास बॅटरीची टाटाची विजेवरची गाडी नेक्सॉन ईव्ही नागपुरात बऱ्या किमतीत मिळते आहे, परंतु पूर्ण चार्ज केल्यावर स्क्रीनवर 312 ऐवजी 190 किलोमीटर दिसतात, तर बॅटरी 40 टक्के संपली असे समजावे का. केवळ या आकड्यावरून तसे समजू नये. 312 हा एआरएआय या वाहनांची चाचणी करणाऱ्या भारतीय संस्थेच्या चाचणीतला आकडा आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर नवी गाडीही साधारण 200 च्या आसपासच चालत असे. शिवाय स्क्रीनवरचा अंदाज मागच्या काही फेऱ्यांवर बेतलेला असतो, त्यामुळे आधीच्या मालकाने एसी लावून गाडी महामार्गावर दामटली असेल, तर बॅटरी ठणठणीत असूनही तो घसरलेला दिसतो.

बॅटरीची खरी झीज वेगळी. सेलमधील ग्राफाइटवर एक पातळ थर हळूहळू वाढत जातो, त्यात लिथियम कायमचे अडकते आणि तेवढी साठवणक्षमता जाते. गाडी नुसती उभी असली तरी ही क्रिया चालू राहते, आणि उष्णता व भरलेली बॅटरी या दोहोंमुळे तिचा वेग वाढतो. 2012 मध्ये अमेरिकेतील उष्ण ॲरिझोनात निसान लीफ या विजेवरच्या गाडीच्या मालकांना ऐन उमेदीतल्या गाड्यांची क्षमता घटलेली आढळली, कारण त्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोयच नव्हती. वाहनांच्या वापराची माहिती गोळा करणाऱ्या जिओटॅब कंपनीने 2019 मध्ये हजारो विजेवरच्या गाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी घट वर्षाला 2.3 टक्के निघाली. 2015 च्या लीफची मात्र 4.2 टक्के. नेक्सॉनमध्ये द्रव-शीतन आहे, ही जमेची बाजू. तरीही मे महिन्यात उघड्यावर शंभर टक्के चार्ज करून दिवसचे दिवस उभ्या ठेवलेल्या गाडीला ते फारसे वाचवू शकत नाही. म्हणून ओडोमीटर पाहून भाव ठरवण्याची आपली पेट्रोलच्या गाड्यांची सवय इथे अपुरी पडते. गाडी सावलीत उभी असायची की उन्हात, हे मी आधी विचारीन.

क्षमता मोजण्याचा एक साधा मार्ग आहे. गाडी आधी पूर्ण चार्ज करा (या सेलमध्ये व्होल्टेज फारसे बदलत नसल्याने अधूनमधून शंभर टक्के केल्याशिवाय टक्केवारीचा हिशेब चुकत जातो), मग 20 टक्क्यांपर्यंत चालवा आणि वेगळा मीटर असलेल्या घरगुती चार्जरवर पुन्हा पूर्ण भरा. नव्या बॅटरीत या 80 टक्क्यांत सुमारे 24 युनिट जातील आणि चार्जिंगमधील गळती धरून मीटरवर 27 च्या आसपास दिसतील. तुमच्या मीटरवर 24-25 आले, तर बॅटरी सुमारे 90 टक्के शाबूत आहे आणि पाच-सहा वर्षांच्या गाडीला ते उत्तमच म्हणायचे. 22 आले, तर 80 टक्क्यांच्या आसपास आहे असे धरून किंमत पाडून मागा. गळती चार्जरप्रमाणे बदलते, म्हणून एक-दोन युनिटांच्या फरकावरून वाद घालू नका.

मोटार आणि बॅटरीची वॉरंटी 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल तोवर आहे. म्हणजे 2020 च्या गाडीची 2028 मध्ये संपेल. ती दुसऱ्या मालकाला लागू राहते का आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास दावा करता येतो, हे दोन्ही पैसे देण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याच्या अहवालासह लेखी घ्या.