४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का?

नाही. ती ६४१ × ६७,००,४१७ अशी संयुक्त संख्या असून दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे तिला नेमके चार विभाजक आहेत. ती २^३२ + १ इतकी आहे, आणि घातांक स्वतः २ चा घात असलेल्या अशा सर्व संख्या मूळ असतात असे मानणाऱ्या गणितज्ञ फर्मा यांनी तीही मूळ मानली होती. गणितज्ञ ऑयलर यांनी १७३२ मध्ये तो समज खोडून काढला.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हे सिद्ध करता येते, आणि ही सिद्धता मला फार सुंदर वाटते. ६४१ म्हणजे ५ × २^७ + १, म्हणून ५ × २^७ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ धरता येते आणि चौथा घात घेतल्यावर ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. पण ६४१ म्हणजे ५^४ + २^४ सुद्धा आहे. तेव्हा ५^४ च्या जागी −२^४ ठेवले की −२^३२ ची बाकी १ ठरते, अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो.

हा अवयव हाताने शोधणेही अवघड नाही, कारण या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो आणि ६४१ च्या आधी अशी मूळ संख्या केवळ २५७ आहे. शिवाय ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या ६५,५३६^२ + १^२ आणि ६२,२६४^२ + २०,४४९^२ अशी दोन प्रकारे दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते; मूळ संख्या अशी फार तर एकाच प्रकारे लिहिता येते, म्हणून यावरूनही ती संयुक्त ठरते.