अकरावी सायन्सला आहे. लिमिटचा धडा उरकून डेरिव्हेटिव्हवर आलो. फॉर्म्युले पाठ आहेत, तरी गणितं चुकतात. कॅल्क्युलस नीट कसं शिकावं?

लिमिटचा धडा 'उरकून' डेरिव्हेटिव्हवर आलो, असं तुम्ही लिहिलंय. गोची तिथेच आहे. फॉर्म्युले आठवडाभर बाजूला ठेवा आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

एक्स ३ असेल तर एक्स² होतो ९. एक्स ३.१ केला की ९.६१. वाढ ०.६१, तिला ०.१ ने भागलं की ६.१. एक्स ३.०१ घेतला तर ६.०१, ३.००१ घेतला तर ६.००१. डावीकडून या: २.९ चा वर्ग ८.४१, फरक ०.५९, म्हणजे ५.९. दोन्हीकडून आकडा ६ कडे सरकतोय. एक्स ३ असताना आलेखाचा चढ तेवढा, आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे हाच चढ.

आता ०.१ च्या जागी एच लिहा. (३ + एच)² − ९ म्हणजे ६एच + एच². एचने भागलं की उरतं ६ + एच. मग एचला शून्याकडे न्या, हेच लिमिट. क्रम सोडू नका. भागताना एच शून्य नाही, म्हणूनच तो कटतो. आधीच शून्य घातलं तर ०/० येतं. ते उत्तर नव्हे, अजून काहीतरी कटायचं राहिलंय असा तो निरोप आहे. मग अवयव पाडा, वर्गमूळ असेल तर कॉन्ज्युगेटने (मधलं चिन्ह बदललेल्या त्याच राशीने) वर-खाली गुणा. इथे हात अडखळत असेल तर दोष कॅल्क्युलसचा नाही, नववी-दहावीचं बीजगणित कच्चं आहे. अपूर्णांकांची बेरीज आणि ऋण घातांक दोन दिवस घोटा, त्यात कमीपणा काही नाही.

एक्स², एक्स³, १/एक्स, √एक्स आणि साइन एक्स, एवढी पाच डेरिव्हेटिव्ह फर्स्ट प्रिन्सिपलने, म्हणजे वरच्या एचच्या पद्धतीने, न बघता काढता आली पाहिजेत. साइनच्या वेळी कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना ते बघा. साइन ०.१ भागिले ०.१ हे रेडियनमध्ये ०.९९८३ येतं, डिग्रीवर ०.०१७४५. हा दुसरा आकडा म्हणजे π/१८०. कोन अंशांत दिला की डेरिव्हेटिव्हमध्ये π/१८० का घुसतो, ते इथे कळतं.

सगळ्यात जास्त मार्क जातात चेन रूलमध्ये, म्हणजे एका फंक्शनच्या आत दुसरं फंक्शन असतं तेव्हा. एक्सची किंमत घालून आकडेमोड करताना शेवटची क्रिया कोणती, हे आधी स्वतःला विचारा. (३एक्स² + १)⁵ मध्ये शेवटी पाचवा घात घेतो, म्हणून आधी त्याचं डेरिव्हेटिव्ह: ५(३एक्स² + १)⁴. मग आतल्या कंसाचं, ६एक्स. गुणाकार ३०एक्स(३एक्स² + १)⁴. साइन²एक्स आणि साइन(एक्स²) ही जोडी याच प्रश्नाने सुटते. पहिल्यात शेवटी वर्ग, म्हणून २ साइन एक्स कॉस एक्स. दुसऱ्यात शेवटी साइन, म्हणून २एक्स कॉस(एक्स²).

गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे डेरिव्हेटिव्हांचा गुणाकार, असं हातून लिहिलं गेलं तर एक्स × एक्सवर तपासा. १ येतं, हवं २एक्स.

२ˣ ला घाताचा नियम लावू नका, तो नियम एक्स पायात असतो तेव्हाचा. इथे एक्स घातात आहे, म्हणून उत्तर २ˣ लॉग २. आणि हा लॉग पाया ई चा, म्हणजे ०.६९३. कॅल्क्युलेटरचं लॉग बटण पाया १० चं असतं, ते ०.३०१ दाखवेल.

बारावीत इंटिग्रेशन (डेरिव्हेटिव्हची उलट क्रिया) आलं की उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेऊन पडताळायची सवय लावा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कॉस ३एक्सचं इंटिग्रेशन साइन ३एक्स भागिले ३, अधिक सी. हे बघून कॉस(एक्स²) साठीही साइन(एक्स²) ला २एक्सने भागून मोकळं व्हावंसं वाटतं. त्याचं डेरिव्हेटिव्ह भागाकाराच्या नियमाने घेऊन बघा: कॉस(एक्स²) च्या मागे साइन(एक्स²)/२एक्स² ची वजाबाकी लोंबकळत राहते. ३ हा स्थिरांक आहे म्हणून बाहेर निघतो, २एक्स निघत नाही.