अँटीमॅटरवर संशोधन करायचंय, पण सुरुवात कुठून?

कर्वेनगरच्या एका आईंचं पत्र आहे. मुलगी अकरावी सायन्सला, विश्वात अँटीमॅटर (प्रतिद्रव्य, म्हणजे नेहमीच्या द्रव्यासारखंच पण उलट विद्युतभाराच्या कणांचं) का उरलं नाही यावर संशोधन करायचं म्हणते. पुण्यात सोय आहे का आणि पुढे पोटापाण्याचं काय, असं त्यांनी विचारलंय.

ताई, सोय आहे. पण आधी तिला या कामाची चव घेऊ द्या. महास्फोटानंतर द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळपास समसमान होतं. दोन्ही एकमेकांना भिडून नष्ट झाली, पण अब्जामागे साधारण एक द्रव्याचा कण जादा उरला आणि त्यातून आपण झालो. तो का उरला हे शोधणाऱ्या प्रयोगवाल्यांचा दिवस मोजणीतच जातो. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी प्रयोगाचा खरा डेटा विद्यार्थ्यांना खुला आहे. बी-मेसॉन नावाचा अल्पायुषी कण आणि त्याचा प्रतिकण यांचे क्षय (फुटण्याच्या घटना) पायथन या संगणकभाषेत मोजायचे, मग दोन्ही आकड्यांचा फरक भागिले बेरीज. त्यावरून कण आणि प्रतिकण वेगळे वागतात का ते कळतं. दहा हजार घटनांवर त्रुटी 1 टक्क्याची, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक त्यात बुडालाच. त्रुटी दहापट कमी हवी तर डेटा शंभरपट लागतो. शिवाय कण टिपणारा डिटेक्टर द्रव्याचाच, त्यामुळे क्षयातून निघणारे ऋण भाराचे केऑन कण त्यात धन भाराच्या केऑनपेक्षा जास्त अडकतात. चुंबक दोघांना विरुद्ध बाजूंना वळवतो. एक बाजू जरा कमी टिपत असली की फरक दिसतो, पण खोटा. म्हणून तिथे चुंबकाची दिशा अधूनमधून उलटवतात. असल्या किचकटपणात ती रमते का, हे सुट्टीत कळेल.

रमली तर पाषाणच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस उत्तम. तिथला गट सर्नच्या सीएमएस प्रयोगात आहे. आयएटी या प्रवेश परीक्षेत 60 प्रश्न, बरोबरला 4 गुण, चुकलं की वजा 1. त्यातले 15 बायोलॉजीचे, आणि बायो सोडलेली मुलं नेमकी तिथे मार खातात. एनसीईआरटीची पुस्तकं आत्ताच हातात द्या. नंबर नाही लागला तर फर्ग्युसन किंवा एसपी कॉलेजातून बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. पुण्यातल्याच आयुका या संशोधन संस्थेच्या नादी आत्ता लागू नका. तिथे बारावीनंतर प्रवेश नसतो आणि विषयही खगोलशास्त्राचा.

पीएचडी धरून बारावीनंतर दहा-अकरा वर्षं जातात, कायम जागा मोजक्या. बरेच जण डेटा सायन्सकडे वळतात. दुसरी वाट एमएस्सीनंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट होण्याची. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन-18 मधून निघालेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, इलेक्ट्रॉनला भिडून प्रत्येकी 511 केईव्ही ऊर्जेचे दोन गॅमा किरण देतो. तिथे अँटीमॅटर रोजच्या वापरात आहे.