लोगोपर्यंत येतो, पुढं सरकत नाही

वाचकांचे प्रश्न : मोबाईल

पाऊस आणि सॉफ्टवेअर अपडेट एकाच महिन्यात आले की पत्रांचा विषय ठरलेला असतो : फोन चालू होताना मधेच अडकतो. त्यातले सहा प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरं अँड्रॉइड फोनांपुरती आहेत, आयफोनची गोष्ट वेगळी.

प्रश्न : रात्री फोननं अपडेट घेतलं. सकाळपासून कंपनीचा लोगो येतो, रंगीत ॲनिमेशन फिरतं आणि परत पहिल्यापासून. दुकानदार म्हणतो, 'सॉफ्टवेअर मारावं लागेल, डेटा जाईल.' मुलीच्या लग्नाचे फोटो त्यातच आहेत. मारू द्यावं का? (राजारामपुरी)

उत्तर : इतक्यात नको. आधी फोन नेमका कुठं अडतोय ते बघा. पडद्यावरून ते बरंचसं कळतं.

बटण दाबल्यावर पहिल्यांदा चिपमध्येच कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो बूटलोडरला, म्हणजे सिस्टिम चढवणाऱ्या प्रोग्रॅमला उठवतो. बूटलोडर डिजिटल सह्या तपासून कर्नल (सिस्टिमचा गाभा) चढवतो, कर्नल 'इनिट' नावाचा पहिला प्रोग्रॅम सुरू करतो, इनिट बाकीच्या सेवा आणि 'झायगोट' (ज्यातून सगळी ॲप्स निघतात) उठवतो, झायगोटमधून फोनच्या मुख्य सेवा सांभाळणारा सिस्टिम सर्व्हर निघतो आणि सगळ्यांत शेवटी तुमची होम स्क्रीन येते. स्थिर लोगो बूटलोडर दाखवतो. हलतं ॲनिमेशन दिसलं म्हणजे कर्नल आणि इनिट उठले, पडद्याची सेवाही चालू झाली. घोळ त्याच्या वरच्या मजल्यावर आहे. आता बारकाईनं बघा. ॲनिमेशन तुटून पुन्हा ॲनिमेशनच सुरू होतं, की मधे स्थिर लोगो येतो? लोगो येत नसेल तर फक्त सिस्टिम सर्व्हर कोसळून पुन्हा उठतोय. लोगो येत असेल तर अख्खा फोन रिस्टार्ट होतोय, आणि मग बॅटरीवरही संशय घ्यावा लागतो.

बॅटरीचा संशय आधी फेडून घ्या. चालू होताना प्रोसेसर पूर्ण जोरात पळतो आणि करंट जास्त ओढतो. दमलेल्या बॅटरीचा व्होल्टेज नेमका तेव्हा कोसळतो आणि फोन दरवेळी साधारण त्याच जागी मान टाकतो. मूळ चार्जर लावून अर्धा तास ठेवा आणि चार्जर न काढता चालू करा. चार्जरवर उठला आणि काढल्यावर पडला, तर बॅटरी बदला. सॉफ्टवेअर दहा वेळा मारलं तरी फरक पडणार नाही.

चार्जरवरही फिरत राहिला तर अपडेटकडे वळू. अलीकडच्या बहुतेक फोनांत सिस्टिमच्या प्रतींसाठी दोन जागा, म्हणजे स्लॉट असतात, ए आणि बी. ही सोय अँड्रॉइड ७ पासून आली. अपडेट नेहमी न वापरलेल्या स्लॉटवर बसतं आणि बूटलोडर त्या नव्या स्लॉटला मोजक्याच संधी देतो. गूगलच्या मूळ कोडमध्ये त्या ७ आहेत, कंपन्या त्यात बदल करतात. संधी संपेपर्यंत सिस्टिम पूर्ण उठली नाही, तर बूटलोडर आपणहून जुन्या स्लॉटवर परततो. अँड्रॉइड १० पासून फसलेल्या अपडेटच्या वेळी डेटाचा भागही आधीच्या अवस्थेत परत नेण्याची व्यवस्था आहे. तेव्हा फोन चार्जरला लावा आणि आठ-दहा वेळा खुशाल फिरू द्या. मोठ्या अपडेटनंतरची पहिली खेप लांबते, म्हणून पंधरा मिनिटं तरी हात लावू नका. त्यानंतरही एकाच जागी गोठलेला असेल तर पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन एकत्र १० ते २० सेकंद दाबून जबरदस्तीनं रिस्टार्ट करा. तीही एक संधी म्हणून मोजली जाते.

पुढची पायरी सेफ मोड. ॲनिमेशन सुरू झालं की व्हॉल्यूम डाऊन दाबून धरा आणि लॉक स्क्रीन येईपर्यंत सोडू नका. यात तुम्ही टाकलेली ॲप्स बंद राहतात. फोन असा उठला तर सगळ्यांत आधी फोटो कॉपी करून घ्या, ॲप नंतर शोधा. स्टोरेज गच्च भरलेलं असेल तर तेही कारण असू शकतं, कारण सिस्टिमला चालू होताना डेटाच्या भागात लिहावं लागतं.

'अँड्रॉइड सिस्टिम लोड होत नाही, डेटा खराब झालेला असू शकतो' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि खाली दोन पर्याय आले तर घाबरून दुसरा दाबू नका. अँड्रॉइड ८ पासून 'रेस्क्यू पार्टी' नावाची व्यवस्था आहे. सिस्टिम सर्व्हर थोड्या वेळात वारंवार कोसळला की ती आधी काही सेटिंग्ज मूळपदावर आणून बघते आणि काहीच चाललं नाही की हा पडदा दाखवते. 'ट्राय अगेन' हवं तितक्या वेळा दाबता येतं. 'फॅक्टरी डेटा रिसेट' एकदाच, कारण त्यानं डेटा उघडण्याची किल्लीच नष्ट होते.

सॉफ्टवेअर घालायचंच ठरलं तर दुकानदाराला 'डेटा न पुसता घालता येईल का' असं स्पष्ट विचारा. त्याच मॉडेलचं अधिकृत, नवं अपडेट रिकव्हरीतून (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या मेनूतून) साइडलोड केलं, म्हणजे संगणकावरून पाठवून बसवलं, तर डेटा राहतो. सॅमसंगच्या सॉफ्टवेअर संचातली 'होम सीएससी' फाईल निवडली तर राहतो, नुसती 'सीएससी' निवडली तर जातो. 'चिप काढून फोटो देतो' असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेल्या फोनांत डेटा एन्क्रिप्ट असतो आणि किल्ली त्याच फोनच्या हार्डवेअरला आणि तुमच्या पिनला बांधलेली असते. मेमरी चिप वेगळी काढली तर हाती नुसता कचरा येतो.

प्रश्न : पावसात फोन भिजला, वाळवला. आता चालू केला की दरवेळी काळ्या पडद्यावर इंग्रजी मेनू येतो. कधी 'फास्टबूट' लिहिलेलं येतं. (प्रयाग चिखली)

उत्तर : सॉफ्टवेअरला काही झालेलं नाही, व्हॉल्यूमचं बटण अडकलंय. बूटलोडर चालू होताना बटणांकडे बघतो. बऱ्याच फोनांत व्हॉल्यूम डाऊन दाबलेलं दिसलं की फास्टबूट (संगणकावरून आज्ञा घेणारी अवस्था) आणि व्हॉल्यूम अप दिसलं की रिकव्हरी. पाण्यानं बटणाच्या पट्टीत गंज किंवा क्षार बसले की फोनला वाटतं, कुणीतरी बोट ठेवलंय.

पहिल्यांदा मागचं कव्हर काढून बघा. हसू नका, घट्ट कव्हरानं बटण दाबून धरल्याची उदाहरणं कमी नाहीत. फरक पडला नाही तर फोन उघडायला लागेल : बटणाची पट्टी बोर्डावरून सोडवायची, पट्टी आणि सॉकेट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं साफ करायचं, पूर्ण सुकल्यावर परत बसवायचं. पट्टी काढलेली असताना पॉवरचं बटणही जातं, कारण बहुतेक फोनांत दोन्ही एकाच पट्टीवर असतात. तेव्हा फास्टबूटमध्ये असतानाच पट्टी सोडवून संगणकावरून 'फास्टबूट रीबूट' आज्ञा द्या. फोन सरळ उठला तर दोष पट्टीचाच. ओल असताना चार्जिंगला लावू नका, आणि तांदळाच्या डब्यात ठेवण्यानं गंज निघत नाही.

प्रश्न : दूध संस्थेचा फोन रात्री आपोआप रिस्टार्ट झाला. पहाटेचा अलार्म वाजला, पण व्हॉट्सॲपवर एकही मेसेज नव्हता. आलेल्या फोनांवर नावाऐवजी नुसते नंबर दिसत होते. पिन टाकल्यावर सगळं एकदम आलं. बिघाड आहे का? (करवीर तालुका)

उत्तर : बिघाड नाही, रचनाच तशी आहे. अँड्रॉइड ७ पासून डेटाचे दोन कप्पे असतात. एक फोन उठल्याबरोबर उघडतो, त्यात अलार्म आणि फोन घेण्याची सोय बसते. दुसरा पहिल्यांदा पिन टाकल्यावरच उघडतो. नावांची यादी, व्हॉट्सॲप, फोटो सगळे त्यात. यावर उपाय म्हणून पिन काढून टाकू नका. सेटिंगमधलं ठरावीक वेळेचं ऑटो रिस्टार्ट आणि रात्रीचं आपोआप अपडेट बंद करा, आणि संकलनाला बसण्याआधी एकदा फोन उघडायची सवय लावा.

प्रश्न : रोज रात्री फोन बंद करून सकाळी लावावा का? (इचलकरंजी)

उत्तर : गरज नाही. आठवड्यातून एकदा पुरे. स्टोरेज मात्र दहा टक्के तरी मोकळं ठेवा.

प्रश्न : गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती आवडली नाही म्हणून जुनी घातली. फोन आता उठतच नाही, लाल इशारा येतो. दुसऱ्या एका फोनवर दरवेळी नारिंगी इशारा येतो, पण तो चालतो. (मोबाईल दुरुस्ती, लक्ष्मीपुरी)

उत्तर : नारिंगी म्हणजे बूटलोडर अनलॉक आहे, तो बदललेली सिस्टिमही चालू देतो. साधारण १० सेकंद इशारा दाखवून फोन पुढं जातो. लाल म्हणजे चालवण्याजोगी खरी सिस्टिम सापडली नाही. तुमच्या पहिल्या फोनमध्ये घातलेल्या जुन्या सिस्टिमची सही बरोबर असूनही फोन ती नाकारतोय, कारण प्रत्येक सिस्टिमबरोबर एक रोलबॅक क्रमांक येतो. फोन शेवटचा क्रमांक सुरक्षित जागी लिहून ठेवतो आणि लॉक असलेला बूटलोडर त्याच्याहून खालचा क्रमांक घेत नाही. जुन्या आवृत्तीतल्या भोकातून चोर आत शिरू नये म्हणून ही सोय आहे. उपाय एकच : होती तीच किंवा तिच्या पुढची अधिकृत आवृत्ती घाला.

काही फोनांत बूटलोडरचा क्रमांक चिपमधले फ्यूज जाळून नोंदवतात, तो तर कशानंच मागं येत नाही. दोन स्लॉटच्या फोनांत आणखी एक गोम आहे. २०२२ मध्ये पिक्सेल ६ मालिकेला अँड्रॉइड १३ आलं तेव्हा बूटलोडरचा क्रमांक वाढला, पण दुसऱ्या स्लॉटवर जुनाच बूटलोडर पडून होता. फोन काही कारणानं त्या स्लॉटवर गेला की उठणं बंद. म्हणून असं अपडेट हातानं घालताना दोन्ही स्लॉटवर घालायचं असतं.

नारिंगी फोनबद्दल सावध राहा. इशारा घालवायला बूटलोडर परत लॉक करायचा मोह होतो. आत बदललेली सिस्टिम असताना लॉक केलात तर तोच फोन लाल होतो. आधी पूर्ण मूळ सॉफ्टवेअर, ते एकदा नीट उठल्याची खात्री, मगच लॉक. लॉक आणि अनलॉक करताना डेटा पुसला जातो, हे गिऱ्हाइकाला आधी लेखी सांगा. गिऱ्हाइकाला स्वतःचं गूगल खातं आणि पासवर्ड आठवतोय ना, हेही विचारून ठेवा. रिसेटनंतर फोन तेच मागणार.

प्रश्न : जुन्या फोनसाठी अँड्रॉइडची आवृत्ती सांभाळतो. इनिटच्या आरसी (सूचनांच्या) फाईलमध्ये स्वतःची सेवा लिहिली. शेलमधून हातानं चालवली तर चालते, फोन चालू होताना उठत नाही. शिवाय चालू व्हायला फार वेळ लागतो. (शिवाजी विद्यापीठ परिसर)

उत्तर : हातानं चालते आणि इनिटकडून चालत नाही, तेव्हा पहिला संशय एसईलिनक्सवर, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेवर. कर्नल लॉगमध्ये 'इनकरेक्ट लेबल ऑर नो डोमेन ट्रान्झिशन' असे शब्द शोधा. तुमच्या प्रोग्रॅमच्या फाईलला 'फाईल कॉन्टेक्स्ट्स'मध्ये स्वतःचं लेबल नाही, किंवा इनिटमधून त्याच्या डोमेनमध्ये (परवानग्यांच्या गटात) जायचा नियम लिहिलेला नाही. एसईलिनक्स परमिसिव्ह (नियम मोडले तरी न अडवणारं) करून बघितलंत तरी ही अट सुटत नाही, कारण सेवा सुरू करण्याआधी इनिट स्वतःच ती तपासतो. पुष्कळ जण इथं दोन दिवस घालवतात.

ते शब्द सापडले नाहीत तर आरसी फाईलची परवानगी बघा. गटाला किंवा इतरांना लिहिता येत असेल तर इनिट ती असुरक्षित म्हणून वाचतच नाही. मग सेवा कोणत्या टप्प्यावर उठते ते बघा. इनिटच्या टप्प्यांचा क्रम असा : अर्ली एफएस, एफएस, पोस्ट एफएस, लेट एफएस, पोस्ट एफएस डेटा, झायगोट स्टार्ट, अर्ली बूट आणि बूट. तुमची सेवा डेटा विभागातली फाईल वाचत असेल आणि 'पोस्ट एफएस डेटा'च्या आधी उठत असेल तर तिला ती फाईल दिसणारच नाही. घाई नसेल तर बूट पूर्ण झाल्याच्या प्रॉपर्टीवर बांधा, ती १ झाली की सुरू होईल.

एकदाच चालून संपणाऱ्या स्क्रिप्टला 'वनशॉट' लिहायला विसरू नका. नाहीतर ती संपली की इनिट ५ सेकंदांच्या अंतरानं तिला पुन्हा पुन्हा उठवत बसतो. आणि काम चालू असेपर्यंत 'क्रिटिकल' हा शब्द टाळा. अशी सेवा ४ मिनिटांत चारहून जास्त वेळा पडली, किंवा बूट पूर्ण होण्याआधी तशी पडत राहिली, की नव्या आवृत्त्यांत फोन सरळ बूटलोडरमध्ये जातो आणि तुम्ही कर्नलला दोष देत बसता.

वेळेचं म्हणाल तर अंदाजानं काही काढून टाकू नका, मोजा. लॉगकॅटच्या (अँड्रॉइडच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेच्या) इव्हेंट्स बफरमध्ये 'बूट प्रोग्रेस' नावानं सुरू होणाऱ्या ओळी काढा. प्रत्येकीत बूटपासूनचे मिलिसेकंद असतात. लागोपाठच्या दोन ओळींतला फरक जिथं मोठा, तिथं वेळ जातोय. पॅकेज मॅनेजर (ॲप्सची नोंद ठेवणारी सेवा) सुरू आणि तयार यांत मोठी दरी असेल तर ॲप्स जास्त आहेत किंवा मेमरी चिप मंद झाली आहे. पहिल्या ओळीच्याही आधीचा वेळ कर्नल आणि इनिटमध्ये जातो, आणि ५० मिलिसेकंदांहून जास्त खाणारी प्रत्येक आज्ञा इनिट स्वतः कर्नल लॉगमध्ये वेळेसकट लिहितो. बहुतेकदा गुन्हेगार 'एक्झेक' असतो : तो काम संपेपर्यंत इनिटला जागेवर थांबवतो. त्याऐवजी पार्श्वभूमीत चालणारा 'एक्झेक बॅकग्राउंड' वापरा, पण पुढच्या पायरीला त्याचा निकाल लागत नसेल तरच.

फोन उठायच्या आधीच मरत असेल आणि लॉग हाती लागत नसेल, तर रिकव्हरीत जाऊन 'पीस्टोअर'मधली (रिस्टार्टनंतरही टिकणाऱ्या नोंदींच्या जागेतली) कन्सोल रॅमूप्सची फाईल काढा. कर्नलचे शेवटचे शब्द तिथं राहतात, त्यासाठी कर्नलमध्ये ही सोय चालू असावी लागते. मेलेल्या फोनवरून थेट रिकव्हरीत रिस्टार्ट करा. मधे फोन पूर्ण बंद केलात किंवा बॅटरी काढलीत तर ती फाईल रॅमबरोबरच जाते.