भाऊ ‘भाई’च्या पोरांत गेलाय, मी काय करू?

ताई,
मी 24 वर्षांची, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहते. बाबांची कंपनीतली कंत्राटी नोकरी दोन वर्षांपूर्वी गेली. आई चार घरी पोळ्या करते, मी एका लॅबमध्ये रिसेप्शनला आहे. धाकटा भाऊ 17 वर्षांचा, सात महिन्यांनी 18 पूर्ण होईल. दहावी चांगली पास झाला, अकरावीत कॉलेज सुटलं. आता एका ‘भाई’च्या पोरांत असतो. भाईच्या वाढदिवसाला कोयत्यानं केक कापला, तो व्हिडिओ यानं स्टेटसला ठेवला. गेल्या वर्षी बाबांना अ‍ॅडमिट करताना 20 हजारांचं डिपॉझिट त्याच माणसानं भरलं होतं. परवा माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला कोयता सापडला. आई म्हणते, लहान आहे, पकडलं तरी सुटेल. बाबा म्हणतात, गावी नेऊन ठेवू. आमच्या घरात कुणी कधी कुणावर हात उचललेला नाही. मग हा असा का निघाला? पोलिसांना सांगू का?
– एक बहीण

प्रिय मैत्रिणी,

आधी कोयत्याचं बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. तो फेकू नकोस, धुऊ-पुसू नकोस, दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवू नकोस. कुठल्या मारामारीत तो वापरला गेला असेल तर पुरावा नाहीसा केल्याचं प्रकरण तुझ्यावर किंवा आईवर येऊ शकतं. 15100 हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. तिथे फोन कर, नाहीतर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. त्या वकिलाला काहीही न लपवता सगळं सांग आणि कोयत्याचं काय करायचं ते त्याच्या सल्ल्यानंच ठरव.

आता, तो असा का निघाला. त्याचं अर्धं उत्तर तू स्वतःच लिहिलं आहेस: 20 हजार रुपये. त्या रात्री तुम्ही नातेवाइकांना फोन केले असतील, कुणी उचलले नसतील, कुणी उद्या बघतो म्हणाले असतील. सोळा वर्षांचं पोरगं हे सगळं बघत उभं होतं आणि एका माणसानं खिशातून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. तुझ्यासाठी तो गुंड आहे, तुझ्या भावासाठी तो बापाला वाचवणारा माणूस आहे. त्याच्याविरुद्ध तू काहीही बोललीस की भावाला ते कृतघ्नपणाचं वाटतं, म्हणून तो उठून निघून जातो.

मला इथे फार राग येतो, आणि तो तुमच्यावर नाही. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. मोफत उपचारांची सरकारी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. त्या काउंटरवर हे कुणी तुम्हाला सांगितलं असतं तर भाईची गरजच पडली नसती. आपल्याकडे टोळीचा शिरकाव असाच होतो. हक्काच्या गोष्टीसाठी कुणाच्या तरी पाया पडावं लागतं, तिथे भाई आधी पोचलेला असतो.

आपल्या राज्यानं हे फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या हाती शेवटी काहीच लागलं नाही. लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींत बापाची नोकरी गेली आणि त्याबरोबर मुलांची ठरलेली वाटही बंद झाली, कारण बापाच्या ओळखीनं पोरगं गिरणीत चिकटायचं. त्याच गल्ल्यांमधून टोळ्यांना पोरं मिळाली. गिरणगावातल्या टोळीचे म्होरके बाबू रेशीम आणि रमा नाईक 1987-88 पर्यंत मारले गेले होते, एक पोलीस कोठडीत प्रतिस्पर्ध्यांकडून, दुसरा पोलिसांच्या गोळीनं. त्यांच्यामागे हुंदडणाऱ्या पोरांपैकी किती गेली, हे त्यांच्या आयांनाच माहीत.

पण हेही लक्षात घे. त्या लाखो घरांतली बहुतेक पोरं टोळीत गेली नाहीत. बायकांनी खानावळी चालवल्या, भाजी विकली, पोरं हमाली करून, हातगाड्या लावून जगली. म्हणून नुसती गरिबी पुढे करून तुझ्या भावाला मोकळं सोडायला मी तयार नाही. पोरगं सैरभैर झालेलं असताना त्याच्या सगळ्यात जवळ कोण उभं होतं, यानं फार फरक पडतो. कुणाला तालमीतला वस्ताद भेटला, कुणाला रात्रशाळेतले सर, कुणाला नाक्यावरचा भाई.

तुझ्या भावाला कॉलेजात कुणी शोधत आलं नाही. बाबा घरी बसून खचलेले, तू आणि आई दिवसभर कामावर. नाक्यावर मात्र तो पाच मिनिटं उशिरा आला तरी फोन येतो, ‘कुठंय रे?’ कुणी वाकडं बोललं तर दहा जण धावून येतात. वस्तीतल्या ज्या माणसांनी बाबांची नोकरी गेल्यावर नमस्कार करणं सोडलं, तेच आता याला बघून बाजूला होतात. पुण्यात रात्री वस्तीतल्याच गरिबांच्या रिक्षा आणि दुचाक्या फोडल्या जातात. त्यातून पैसा मिळत नाही, पण सकाळी नाव होतं. सतरा वर्षांच्या, हातात काहीच नसलेल्या मुलाला त्या नावाची किती भूक असते, ते समजून घे.

आणि भीती. तू त्याला माजलेला समजतेस, मला तो घाबरलेला वाटतो. एकदा एका गटाचा म्हणून ओळखला गेला की दुसऱ्या गटाच्या गल्लीतून जाता येत नाही. कोयता बाळगणाऱ्या बऱ्याच पोरांना तो आधी स्वतःच्या जिवासाठी हवा असतो. आतली माणसंही भरवशाची नसतात. 5 जानेवारी 2024 ला कोथरूडच्या सुतारदऱ्यात पुण्यातला गुंड शरद मोहोळ भरदिवसा मारला गेला. पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत त्याच्याबरोबर वावरणारेच होते, मुख्य संशयित वीस वर्षांचा. ‘भाई आपल्यासाठी जीव देईल’ असं तुझा भाऊ म्हणत असेल, तर हे त्याला शांतपणे सांग.

आईला मात्र स्पष्ट सांगावं लागेल. ‘लहान आहे, सुटेल’ हे आईला वाटतं, आणि अगदी हेच भाईही पोरांना सांगतो: तू मायनर आहेस, अंगावर घे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार 16 ते 18 वयाच्या मुलानं खुनासारखा निर्घृण गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची तपासणी बाल न्याय मंडळ करू शकतं. सात महिन्यांनी 18 पूर्ण झाले की तो प्रौढच धरला जाईल. मोक्का, म्हणजे टोळ्यांविरुद्धचा राज्याचा कडक कायदा, लागला तर संघटित गुन्हेगारी टोळीचा नुसता सदस्य असल्याबद्दलही किमान पाच वर्षं शिक्षा आणि किमान पाच लाख दंड आहे, आणि जामीन फार अवघड. त्याच बाल न्याय कायद्याचं कलम 83 भावाला वाचून दाखव. बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या मोठ्या माणसांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड, असं त्यात लिहिलं आहे. त्याला वाटतं भाईनं आपल्याला जवळ केलं. भाईनं त्याचं वयसुद्धा हिशेबात धरलं आहे.

बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नाक्यापासून लांब गेल्यानं खरंच उपयोग होतो, पण गावी त्याच्यासाठी काम आणि एखादा जबाबदार माणूस असेल तरच. नुसतं शेतावरच्या खोलीत ठेवलं तर मोबाइल बरोबर असणारच, दिवाळीला तो परत येईल आणि जास्त चिडलेला असेल. काका-मामांपैकी गॅरेज, वायरिंग, ट्रॅक्टर दुरुस्ती असं काही करणारं कुणी आहे का? दहावी पास असल्यानं आयटीआयलाही जाता येईल. नियमित काम लागलं, वय वाढलं की यातली बरीच पोरं बाहेर पडतात. मधली ही चार-पाच वर्षं अंगावर मोठी केस न घेता निघायला हवीत.

पोलिसांचं विचारलंस. हो, पण वकिलाशी बोलल्यावर, आणि काही घडायच्या आत. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचंच नाव विचारून जा. एकटी जाऊ नकोस. 1098 या बाल मदत क्रमांकावरूनही समुपदेशनाची मदत मागता येते.

त्या 20 हजारांची परतफेड करा, हप्त्यानं का होईना. घरातला मोठा पुरुष आणि वस्तीत ज्यांचा शब्द चालतो असं कुणी, दोघांनी मिळून जावं. तू किंवा आईनं जाऊ नये. भांडायचं नाही, उपकार मानायचे आणि पैसे द्यायचे. हे कधी आणि कसं करायचं, तेही वकिलाला आधी विचारा. मुलगा त्या कर्जात अडकलाय, ते बापानं फेडलेलं त्याला कळलं पाहिजे.

भावाशी बोलशील तेव्हा शपथा घालू नकोस, मावसभावाचे मार्क काढू नकोस. बाबांना वाचवणाऱ्याबद्दल तुला काय वाटतं ते मला समजतं, असं म्हणून सुरुवात कर. मग विचार, कुणाची भीती वाटते? पहिल्या दिवशी तो उत्तर देणार नाही. रात्री कितीही वाजता आला तरी दार उघड, ताट वाढ, आणि त्याच्याशेजारी बस. घरातली एखादी खरी जबाबदारी त्याच्यावर सोपव: बाबांना तपासणीला नेणं, फाइल सांभाळणं, औषधं आणणं. जनआरोग्य योजनेचं काय करावं लागतं, ते त्यालाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे या योजनेसाठी तिथे बसणाऱ्या माणसाकडे, विचारायला पाठव.

वकिलाशी बोलणं झालं की मला लगेच लिही.

तुझी,
ताई