गाणी भरून देणारा माणूस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

‘पॉप्युलर म्युझिक’वरचा तुझा निबंध मिळाला. 12 पानं एका बैठकीत वाचली, दोन दिवस बाजूला ठेवली आणि काल संध्याकाळी पेन्सिल घेऊन पुन्हा बसले. फोनवर बोलता आलं असतं, पण तू एवढं लिहिलं आहेस तर मीही लिहूनच सांगते.

पहिलं पान काढून टाक. ‘पूर्वीची गाणी अर्थपूर्ण होती, आजचं संगीत उथळ झालं आहे’ हे वाक्य तुझं नाही. कुठल्यातरी वक्तृत्व स्पर्धेत ऐकलेलं असेल, नाहीतर मला बरं वाटावं म्हणून घातलं असशील. सातव्या पानावर तूच लिहितेस की पुण्याहून घरी येताना खंबाटकी घाट संपेपर्यंत एकच गाणं कानात लावून बसतेस, आणि ते गाणं गेल्या वर्षी आलेलं आहे. ज्याच्या सोबतीने घर गाठायचं त्यालाच पहिल्या पानावर उथळ म्हणायचं, हे मला बरं वाटलं नाही. आवडलेल्या गोष्टीची लाज बाळगून लिहिलं की वाचणाऱ्याला ते कळतं. ते गाणं का ऐकतेस ते सांग. शब्द लक्षात राहतात म्हणून, ठेका धरता येतो म्हणून, की ते ज्याने पाठवलं त्याची आठवण येते म्हणून? यातलं कुठलंही कारण लिहिण्यासारखं आहे.

नवव्या पानावर मात्र मी थांबले. तिथे तुझ्या वडिलांच्या टेम्पोतला पेनड्राइव्ह आहे. स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानातून तो त्यांनी भरून आणला. यादी दिली नाही, नुसतं ‘आपल्या रूटला चालतील अशी भर’ म्हणाले. दुकानदाराने ‘भक्ती’, ‘हळद’, ‘जुनी हिंदी’ आणि ‘डीजे’ अशी फोल्डर केली, आणि पहाटे भाजी घेऊन मार्केटला निघताना ‘भक्ती’ लागतं, रिकामा टेम्पो परत येताना ‘जुनी हिंदी’. हे तू सहा ओळींत उरकलंस आणि पुढच्या परिच्छेदात ‘आजची तरुणाई’ वगैरे सुरू केलंस. बाई गं, तुझा सगळा निबंध त्या सहा ओळींत आहे!

का, ते सांगते. आमच्या वेळी कॅसेट भरून घ्यायचे. कोरी 90 मिनिटांची कॅसेट आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी दुकानात द्यायची, आठ दिवसांनी जाऊन आणायची. एका बाजूला 45 मिनिटं. आमची गाणी संपली आणि तीन-चार मिनिटं उरली, तर दुकानदार स्वतःच्या मनाने एखादं गाणं त्यात टाकून द्यायचा. जागा वाया जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. माझ्या यादीत सगळी भावगीतं. कॅसेटच्या शेवटी मात्र एकदा लोकगायक प्रल्हाद शिंदे लागले. तो आवाज मी घराबाहेर, लांबून, कर्ण्यावर ऐकला होता. माझ्या खोलीत, माझ्या टेपरेकॉर्डरवर तो पहिल्यांदा आला तो असा, उरलेल्या जागेतून.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे आणि तो मी तुला देते आहे: आपली गाणी कोण भरून देतं? कुठलंही गाणं आपल्यापर्यंत आपोआप येत नाही. मध्ये कुणीतरी बसलेलं असतं. त्याची आवड, त्याचा धंदा, त्याच्या हातातलं यंत्र, या सगळ्याचा ठसा गाण्यावर उमटतो. तू गाण्यांविषयी पुष्कळ लिहिलंस, या मधल्या माणसाविषयी फक्त त्या सहा ओळी.

तू लिहितेस, रेडिओच्या काळात संगीत शुद्ध होतं. त्या काळातला भरून देणारा कोण होता ते बघ. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचा, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असं त्यांचं ठाम मत होतं, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे अमीन सयानींचा सिनेगीतांचा कार्यक्रम, बिनाका गीतमाला, सुरू झाला आणि बुधवारची संध्याकाळ देशभर तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. तेव्हा ‘तरुण पिढी बिघडली’ असं ज्यांच्याविषयी म्हणत होते ती तुझ्या आजोबांची पिढी, आणि ज्या गाण्यांनी बिघडली असं म्हणत होते तीच आज तुझ्या वडिलांच्या ‘जुनी हिंदी’ फोल्डरमध्ये आहेत.

केसकरांना खलनायक करू नकोस, हेही सांगून ठेवते. त्यांच्याच कारकिर्दीत शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलनं सुरू झाली, आणि ज्यांना मैफलीचं तिकीट परवडलं नसतं अशा घरांत मोठमोठे गवई पोचले. त्याच काळात, 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर, पुणे केंद्रावरून गीतरामायणाची 56 गाणी आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. माडगूळकर लिहीत होते, फडके चाल लावत होते आणि लोक पुढच्या आठवड्याची वाट पाहत होते. एकाच खिडकीतून एक गोष्ट आत येते आणि दुसरी बाहेर राहते. तू दोन्ही लिही.

रील्सच्या 30 सेकंदांनी संगीताचा जीव घेतला, असंही तू लिहितेस. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहरजान पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला बसल्या तेव्हा तबकडीवर मावायची तीनेक मिनिटं. तासभर रंगणारं गाणं त्यांनी त्यात बसवलं आणि शेवटी स्वतःचं नावही सांगितलं. आपण ज्याला ‘तीन मिनिटांचं गाणं’ म्हणतो त्याचा आकार त्या तबकडीने दिला. तेव्हा लांबी कमी झाली एवढ्यावर रडू नकोस. त्या लांबीत गाणाऱ्याने काय केलं ते कान देऊन ऐक: मुखडा किती लवकर येतो, सुरुवातीचं म्युझिक का आटलं, अंतऱ्याचं काय झालं. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्याशिवाय गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजलंच जात नाही. मग संगीतकार तिसाव्या सेकंदाच्या आत सगळं मांडायची घाई करणार, हे उघड आहे. तुझ्या आवडीची पाच गाणी घे, घड्याळ लाव आणि बघ.

‘सैराट’वरचं तुझं पान चांगलं आहे, पण त्यात ‘कुठे’ नाही. 2016 मध्ये तू शाळेत होतीस. ती गाणी पहिल्यांदा कुठे ऐकलीस? त्या संगीतातला पाश्चात्त्य वाद्यवृंद अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत वाजवून घेतलेला. तो करमाळ्याच्या मातीतल्या सिनेमात आला आणि तिथून तुझ्या गल्लीतल्या वरातीत, फाटक्या स्पीकरवर. एवढा मोठा प्रवास आणि तू लिहितेस ‘हे गाणं खूप लोकप्रिय झालं’. वरात कुणाची होती? तुला नाचू दिलं का? मुलींना कुठपर्यंत नाचू देतात आणि कुठे ‘आता घरी चला’ म्हणतात, हे तुझ्याइतकं मला माहीत नाही.

आता जे लिहायला मला जड जातं आहे ते.

तुझ्या 12 पानांत भीमगीत नाही. तुमच्या गावात 14 एप्रिलची मिरवणूक निघते, मी स्वतः पाहिली आहे. वडिलांच्या पेनड्राइव्हमध्येही दोन-चार गाणी असणारच. तरी तुझ्या यादीत ती नाहीत. तू मुद्दाम टाळलंस असं मी म्हणत नाही. तुला ती ‘पॉप्युलर म्युझिक’ या शब्दात बसतील असं वाटलंच नसेल. मला असंच वाटायचं.

कॉलेजात असताना मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर युववाणी या तरुणांच्या कार्यक्रमात निवेदन करायचे. एकदा गाणी निवडायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याबरोबरच्या एका मुलाने भीमगीतांचे शाहीर वामनदादा कर्डक यांचं एक गाणं सुचवलं. मी म्हणाले, ‘आपल्या कार्यक्रमात ते बसत नाही.’ मला तसं कुणीही सांगितलेलं नव्हतं. निर्णय माझा होता आणि मी तो क्षणात घेतला. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यापासून तो यायचा थांबला. कॅसेटवर ज्या आवाजाने मला रात्रभर जागं ठेवलं होतं, त्याच परंपरेतलं गाणं माझ्या हातात यादी आल्याबरोबर मी बाहेर ठेवलं. याला जवळजवळ चाळीस वर्षं झाली. त्या मुलाची माफी मागायची राहून गेली आहे.

ज्यांना त्या यादीत जागा नव्हती त्यांनी वाट काढली, आणि ती वाट हाच तुझ्या विषयाचा सगळ्यात समृद्ध भाग आहे. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि त्यानंतर ते गावोगाव गात फिरले. कॅसेट आली तेव्हा ध्वनिमुद्रण स्वस्त झालं, मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली, छोट्या कंपन्या निघाल्या. 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागू लागले. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतही होता आणि भीमाच्या गाण्यांतही. त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद कॅसेटच्या जमान्यात घरोघरी पोचली, नातू आदर्श आज तुझ्या मोबाइलवर आहे. एका घराच्या तीन पिढ्या घेतल्यास तरी यंत्रांचा अख्खा इतिहास हाताशी येतो. आणि भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात ऐक. हातात एकतारी, समोर कुणाचातरी मोबाइल, बस्स. त्यांना कुठल्या निवेदिकेच्या परवानगीची गरज पडली नाही, याचा मला आनंद होतो.

मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटाने आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन आरेच्या जंगलासाठी गाणं केलं, तेही याच ओळीतलं. तू रॅपला ‘परदेशी प्रभाव’ म्हणून एका वाक्यात निकालात काढलं आहेस. आधी ऐक, मग लिही.

पैशाचा प्रश्नही टाळू नकोस. आमचा कॅसेटवाला आणि तुझा पेनड्राइव्हवाला, दोघेही गाणाऱ्याला एक पैसा देत नव्हते. मला ते दोघे कितीही जवळचे वाटले तरी ही गोष्ट खरी आहे. 2012 मध्ये कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. पण स्पॉटिफायचा 2024 पासूनचा नियम असा की वर्षभरात एखादं गाणं 1000 वेळा तरी ऐकलं गेलं नाही, तर त्याचे पैसे मिळत नाहीत. माणदेशातल्या धनगरांच्या एखाद्या गजीनृत्याच्या गाण्याला तो आकडा कसा गाठायचा? चोरून भरलेला पेनड्राइव्ह आणि कायदेशीर ॲप, दोन्हीकडे त्या गाणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्या निबंधात तो प्रश्न तरी असू दे.

अल्गोरिदमवरचा तुझा परिच्छेद घाबरलेला आहे. तो तुझ्यासाठी गाणी भरतो, हे खरं. पण आमच्या कॅसेटवाल्याकडे जाऊन मला विचारता आलं, ‘शेवटचं गाणं का टाकलंत?’ तो हसून म्हणाला, ‘आवडलं ना?’ तुला असं विचारता येत नाही, आणि तू आधी जे ऐकलंस त्याच्याच आसपासचं तो पुन्हा वाढतो. म्हणून ऐकायला दुसऱ्याची यादी माग. आईचा मोबाइल घे. होस्टेलवर स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचार. टिकटॉक 29 जून 2020 ला बंद झालं आणि तुझ्या चुलतभावाचे सगळे व्हिडिओ गेले, हे तू कंसात लिहिलं आहेस. कंस काढ, त्याच्याशी बोल. त्या व्हिडिओंत कुठली गाणी होती ते त्याला अजून आठवत असेल.

तुमच्या वर्गाला पॉडकास्ट करायचं आहे ना? त्याआधी एक दिवस म्हसवडला जा. माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, 90.4 वर. तिथल्या बायका माइकसमोर कशा बोलतात, कुणाला बोलावतात, गाणं कुठे थांबवतात ते बघ. आणि कुणाचंही रेकॉर्डिंग करताना आधी विचार, नंतर त्यांना ते ऐकव.

आमच्या कॅसेटवाल्या काकांचं दुकान अजून आहे. स्टँडसमोरच्या बोळात, आता मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतात. मी परवा जाऊन आले. याद्यांची जुनी पानं त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत, गिऱ्हाइकांच्या अक्षरातली. तुझ्याविषयी सांगितलं आहे. दुपारी एक ते चार ते घरी जातात, तेव्हा सकाळीच जा, आणि कानाला कमी ऐकू येतं म्हणून जरा जवळ बसून बोल. माझी यादी सापडली तर मला फोटो पाठव.

तुझी,
मॅडम